कपाशीचं औषध सांदवाडीत नको

फाल्गुन लागला, पळस फुलला की वर्ध्याच्या आसपासच्या गावांत दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. शेतातली पऱ्हाटी उपटून बांधावर किंवा घरामागे रचली जाते आणि घरामागच्या सांदवाडीत उन्हाळी भाजीचे वाफे तयार होतात. भेंडी, गवार, बरबटी, काकडी, दोडकं, चवळाई. शहरातल्या मंडळींचं हेच काम गच्चीवरच्या कुंड्यांत आणि बादल्यांत चालतं. हे सगळं मला फार आवडतं. रक्तक्षयाच्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या अनेक रुग्णांना मी स्वतःहून विचारतो, घरी चार वाफ्यांची जागा आहे का? असेल तर लावा.

पण याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. खरिपात कपाशीसाठी आणलेल्या फवारणीच्या बाटल्या पूर्ण संपलेल्या नसतात. कुणात पाव लिटर, कुणात तळाशी चार बोटं. त्या सपरीत, न्हाणीघराच्या आळ्यावर नाहीतर पलंगाखाली पडून असतात. भेंडीच्या पानामागे मावा दिसला की त्यातलीच एखादी बाटली उघडली जाते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "घरच्यासाठीच हाय जी डॉक्टरसाहेब, जराकसंच मारलं."

या एका सवयीबद्दल माझं मत अगदी ठाम आहे. कपाशीवरचं कीटकनाशक सांदवाडीत येता कामा नये. जराकसंही नको. भेंडी किडली तर किडू द्या.

आधी शब्दाबद्दल थोडं. आपण कीटकनाशकाला सर्रास 'औषध' म्हणतो. औषध मारलं, औषध दिलं, औषध आणायला गेलो. मीही दिवसभर औषधंच लिहून देतो, त्यामुळे हा शब्द मला खटकतो. औषध म्हटलं की थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही, उलट गुण लवकर येतो, असं मनात बसतं. (खऱ्या औषधाबाबतही हे खोटंच आहे, पण तो वेगळा विषय.) कीटकनाशकाच्या बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो, तो पाहून ठेवा. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सगळ्यांत कमी हिरवा. वाचता येत नसलेल्या आजीलाही रंग ओळखता येतो, म्हणून तर तो त्रिकोण छापलेला असतो.

"शेतात चालतं ते सांदवाडीत का नाही?" हा प्रश्न रास्त आहे. कपाशी आपण खात नाही. भेंडी खातो, आणि तीही दर दुसऱ्या दिवशी तोडून. खाण्याच्या पिकावर कोणतंही कीटकनाशक फवारलं की तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं हे ठरलेलं असतं. त्या दिवसांत उन्हाने, पाण्याने आणि झाडाच्या स्वतःच्या क्रियेने विषाचा अंश उतरत जातो. भेंडी, गवार, काकडी यांना एवढे दिवस थांबलं तर फळ जून होऊन फेकावं लागतं. म्हणजे थांबणं होतच नाही. सकाळी फवारलं आणि परवा भाजी केली, असंच होतं.

दुसरा घोळ मापाचा. लेबलावरचं प्रमाण पंधरा लिटरच्या पंपासाठी किंवा एकरासाठी लिहिलेलं असतं. दोन वाफ्यांना अर्धा लिटर पाणी पुरतं. त्यात किती थेंब घालायचे? कुणी मोजत नाही. झाकणाने अंदाजे ओततात. त्या 'जराकसं'मध्ये शेतातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट विष असू शकतं.

"मग भाजी धुऊन घेऊ की," असं काहीजणी म्हणतात. वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याने वरवर चिकटलेला अंश बराच कमी होतो, आणि बाजारातून आणलेल्या प्रत्येक भाजीसाठी ही सवय हवीच. पण कपाशीवरची बरीचशी औषधं आंतरप्रवाही असतात. म्हणजे पानावर पडली की झाडाच्या रसात शिरतात आणि शेंड्यापर्यंत जातात. रस शोषणारी कीड त्यामुळेच मरते. जे फळाच्या आत गेलं ते मिठाच्या पाण्याने बाहेर येत नाही. मोनोक्रोटोफॉस हे याच जातीचं. भाजीपाल्यावर त्याच्या वापराला आपल्याकडे २००५ मध्येच बंदी घातली गेली आहे.

तरीही खरं सांगायचं तर मला ताटातल्या भाजीपेक्षा जास्त भीती वाटते ती फवारणाऱ्या हाताची. सांदवाडीत फवारतं कोण? शेतात पंप पाठीवर घेणारा माणूस निदान अंगभर कपडे घालतो. घरामागे हे काम बहुतेक वेळा बाई करते, जुन्या मगात औषध कालवून, केरसुणीने नाहीतर कडुलिंबाच्या डहाळीने शिंपडत. हात उघडे, पाय उघडे, पदर भिजलेला, आणि दोन हातांवर नातू मातीत खेळत असतो. दोडक्याचा, कारल्याचा मांडव असेल तर आणखी वाईट, कारण शिंपडायचं वरच्या दिशेने आणि तुषार उतरायचे स्वतःच्याच तोंडावर. ही विषं पोटात जायलाच हवीत असं नाही. कातडीतून आणि श्वासातूनही ती शरीरात शिरतात. घामाने भिजलेलं अंग असेल तर अधिकच.

वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात काय झालं ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यांनी विष प्यायलं नव्हतं. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडाच्या उंचीवर होत होता, आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते. मांडवाखाली उभं राहून दोडक्यावर शिंपडणाऱ्या बाईची तऱ्हा याहून फार निराळी नाही.

शरीरात नेमकं काय होतं ते समजून घेऊ. मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जो निरोप जातो, तो अ‍ॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून जातो. निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकायचं काम एक एन्झाइम करतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक त्या एन्झाइमलाच जखडून टाकतं. मग निरोप पुसला जात नाही. कुणी दाराची बेल दाबून धरावी तसं होतं. तोंडाला लाळ सुटते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, दरदरून घाम येतो, मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात आणि अंधुक दिसतं. अंगातले स्नायू फडफडतात. छातीत कफ दाटतो, नाडी मंदावते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर ही लक्षणं फसवतात. वर्ध्यात मार्चपासूनच ऊन तापायला लागतं, म्हणून घरचे म्हणतात ऊन लागलं. किंवा म्हणतात जेवण बाधलं. कांद्याचा रस लावला जातो, पन्हं पाजलं जातं, आणि मोलाचे दोन-तीन तास निघून जातात. उष्माघातात अंग भट्टीसारखं तापतं आणि बहुधा कोरडं पडतं. इथे लाळ, घाम, जुलाब आणि बारीक बाहुल्या हे सगळं एकत्र असतं. आज किंवा काल कुठे फवारणी केली का, हा प्रश्न घरच्यांनीच विचारावा आणि डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावा. कातडीतून गेलेल्या विषाची लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात.

आता लागवडीकडे वळू. माझ्या मते औषध मारायचं की नाही हा प्रश्न बी टाकतानाच निम्मा सुटतो.

भेंडी, आंबाडी आणि जास्वंद ही तिन्ही कपाशीच्याच कुळातली. फुलं शेजारी ठेवून पाहा, सख्ख्या बहिणी दिसतात. त्यामुळे कपाशीवरचे तुडतुडे, पांढरी माशी, मावा आणि पिठ्या ढेकूण यांना ही झाडं मनापासून आवडतात. शेतातली पऱ्हाटी उपटली की या किडींचा आसरा जातो आणि त्या जवळच्या हिरव्यावर येतात. जळणासाठी पऱ्हाट्या घरामागे रचून त्यांच्याच शेजारी भेंडीचा वाफा केला, तर कीड आपणच घरात बोलावल्यासारखं होतं. भेंडी लावाच, पण पऱ्हाटीच्या ढिगापासून लांब, आणि एका वाफ्यात सगळी भेंडीच नको. मध्ये गवारीच्या, झेंडूच्या ओळी टाका. वांग्याचा मोह मात्र आवरा. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी वांग्याला सोडत नाही, आणि बाजारात सर्वांत जास्त फवारे खाऊन येणाऱ्या भाज्यांत वांगं येतं ते याच अळीमुळे. हौस असेल तर दोनच झाडं ठेवा आणि सुकलेला शेंडा दिसताच अळीसकट खुडून टाका.

औषधाशिवाय येणाऱ्या भाज्या आपल्याकडे भरपूर आहेत. चवळाई आणि माठ पंचवीस-तीस दिवसांत ताटात येतात. कीड जोर धरेपर्यंत वाफा खुडून संपलेला असतो. गवार उन्हाला आणि थोडक्या पाण्याला पुरून उरते. पुदिना मोरीजवळच्या ओलाव्यात आपोआप पसरतो. सांबाराला आता भर उन्हात लावलं तर ते लगेच फुलावर येतं, म्हणून मांडवाच्या सावलीत थोडं थोडं पेरा. काकडी आणि दोडक्याला फळमाशीचा त्रास होतो, पण कोवळ्या फळाला कागदाची पिशवी बांधली की माशीला आत शिरता येत नाही. पोरांना सुट्टीच्या दिवशी हे काम द्या, ती आनंदाने करतात.

गोडलिंबाचं एक झाड दारात असावंच. मुंगना, म्हणजे शेवगा, असेल तर शेंगा उतरल्यावर छाटून घ्या. नसेल तर आत्ता फक्त जागा ठरवा. फांदी लावायला पावसाळा बरा. शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, त्यांना हात लावू नका, कातडीवर खाज आणि गांधी उठतात. लांब दांड्याच्या झाडूने खाली पाडून साबणाच्या पाण्यात टाका.

या पाल्यांचा मी एवढा आग्रह का धरतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पालेभाजीने रक्तक्षय बरा होतो असं मी म्हणणार नाही. पाल्यातलं लोह शरीरात फार कमी शोषलं जातं, त्यामुळे रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. भाजीवर लिंबू पिळलं तर शोषण वाढतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं, एवढं लक्षात ठेवा. पण फॉलिक अ‍ॅसिड, अ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि चोथा हे सगळं या वाफ्यांतून जवळजवळ फुकट मिळतं. वर्ध्याला हे नवीन नाही. १९३४ मध्ये मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, आणि त्याच सुमारास गांधीजी स्वतःच्या ताटात निरनिराळे पाले घेऊन पाहत होते, 'हरिजन'मधून त्याविषयी लिहीतही होते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पालेभाजीचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं, कारण त्यात पोटॅशियम असतं. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करू नये आणि एकदम वाढवूही नये.

एवढं करूनही कीड येणार. सकाळी नऊच्या आत, ऊन चढायच्या आधी, पानं उलटून पाहण्याची सवय ठेवा. मावा पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन निघतो. अळी चिमट्याने वेचता येते. फार भरलेलं पान खुडून टाका. पत्र्याच्या तुकड्याला पिवळा रंग देऊन वर एरंडेल चोपडलं की पांढरी माशी त्याला चिकटते. ठिपक्यांचा लालसर ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका, तो मावा खातो. कपाशीचं औषध मारलं की आधी हाच मरतो आणि पुढच्या आठवड्यात मावा दुप्पट होतो. त्याउपरही गरज पडली तर निंबोळी अर्क. गेल्या पावसाळ्यात वेचून वाळवलेली निंबोळी असेल तर पन्नास ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळून थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

मात्र 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नका. तंबाखूचा काढा करून फवारणारे पुष्कळ आहेत. त्यातलं निकोटिन हे जबरदस्त विष आहे आणि ते ओल्या कातडीतून आत जातं. खाण्याच्या भाजीवर हा काढा मला अजिबात मान्य नाही. दशपर्णी अर्कात धोतरा, कण्हेर, रुई यांचा पाला घालतात. शेतात त्याचा उपयोग असेल, पण चवळाईवर तो शिंपडून दुसऱ्या दिवशी भाजी करणं शहाणपणाचं नाही. कडुलिंबाचं तेलही लहान बाळाला पोटात देऊ नका. त्याने बाळांना झटके येऊन जीव धोक्यात आल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. सापासाठी किंवा वाळवीसाठी वाफ्याच्या कडेला आणि घराच्या कोपऱ्यात थिमेटचे दाणे टाकणं हाही जुना प्रकार. ते फोरेट आहे, अत्यंत जहाल, आणि २०२० च्या अखेरीपासून त्यावर देशात बंदी आहे. कोंबड्या आणि रांगणारी मुलं ते दाणे उचलतात.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं? मूळ बाटलीतच, लेबल असलेल्या, कुलूपबंद पेटीत, राहत्या घराबाहेर आणि धान्यापासून दूर ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका, चुलीत जाळू नका. मुदत संपलेल्या बाटलीसाठी गावच्या कृषी सहायकांना विचारा. पुढच्या खरिपात लागेल तेवढंच आणलं तर हा प्रश्न उरतच नाही. रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडा, म्हणजे त्याचा तांब्या किंवा तेलाचा डबा होणार नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतलं मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं.

बाटली घरात नसावी याला आणखी एक कारण आहे आणि विदर्भात ते टाळून पुढे जाता येत नाही. टोकाचा विचार अनेकदा काही मिनिटांचा असतो. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकं बाजारातून काढली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. घरात कुणी गप्प गप्प असेल, कर्जाने किंवा आजाराने खचलं असेल, तर त्यांच्याशी बोला, बाटल्या आजच दुसरीकडे हलवा आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

विषबाधेची शंका आली तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा. अंगावरचे कपडे काढा आणि केस, नखांसकट सगळं अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, तूप काहीही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर वळवा. १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन या. कारण अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं ऑर्गॅनोफॉस्फेटवर जीव वाचवतात, पण सगळी कीटकनाशकं त्या गटातली नसतात आणि प्रत्येकाचा उपचार निराळा असतो. नाव कळलं तर आमचा अंदाजात जाणारा वेळ वाचतो. आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बसला, बोलायला लागला, की लगेच सुट्टी मागू नका. या विषात पहिल्या ते चौथ्या दिवसादरम्यान मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. रुग्णाला उशीवरून मान उचलता येते का, हे आम्ही त्यासाठीच पुन्हा पुन्हा पाहत असतो.